‘आधी बिल भरा, मग बघू’ : चुकीच्या वीजबिलाविरुद्ध दाद कशी मागावी?

घरात दोन पंखे, तीन दिवे, एक फ्रिज आणि कोपऱ्यात एक शिलाई मशीन. दरमहा बिल येते हजार-बाराशे रुपयांचे. एका महिन्यात मात्र कागदावर १४ हजार ६०० रुपयांचा आकडा येतो. घरधनी कागद घेऊन वीज कार्यालयाच्या खिडकीवर जातो. आतून ठरलेले उत्तर मिळते : “आधी बिल भरा, मग बघू.”

हे उत्तर आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. त्यानंतर माणूस साधारणपणे दोनपैकी एक चूक करतो. एक तर इकडून-तिकडून उसने घेऊन पूर्ण रक्कम गुपचूप भरून टाकतो. मग “बघू” म्हणणारा कधीच बघत नाही. किंवा संतापून बिल भरणेच बंद करतो. मग दोन-तीन महिन्यांनी लाइन कापली जाते आणि खरी तक्रारही थकबाकीच्या ढिगाखाली दबून जाते. कारागिराच्या घरची लाइन कापली गेली की केवळ दिवा विझत नाही, त्या दिवसाची मजुरीही बुडते. म्हणूनच पुष्कळ जण पहिल्या मार्गाने जातात.

या दोन्हींच्या मधला एक रीतसर मार्ग कायद्याने दिलेला आहे. तो वापरण्यासाठी वकील लागत नाही. लागतात त्या तीन गोष्टी : हिशेब, लेखी अर्ज आणि मुदतीचे भान.

आधी बिल वाचा

तक्रार करण्यापूर्वी बिलावरील चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, मागील रीडिंग आणि चालू रीडिंग. दोन्हींची वजाबाकी करून आलेले युनिट बिलातील युनिटशी जुळतात का? दुसरी, चालू रीडिंग आणि प्रत्यक्ष मीटरवरचा आकडा. बिल हातात आले त्या दिवशी मीटरवरचा आकडा बिलातील आकड्यापेक्षा कमी असेल, तर रीडिंग चुकीचे घेतले गेले हे उघड आहे. मोबाइलने मीटरचा फोटो काढून ठेवावा. त्यात मीटर क्रमांकही दिसला पाहिजे. तिसरी, मीटर क्रमांक. चाळीत एकाच फळीवर दहा-बारा मीटर असतात आणि शेजाऱ्याचे रीडिंग आपल्या नावावर चढण्याचे प्रकार होतात. चौथी, रीडिंगचा शेरा. तेथे ‘लॉक्ड’, ‘फॉल्टी’ किंवा ‘सरासरी’ असा शेरा असेल तर ते बिल मीटर पाहून काढलेले नाही, अंदाजाने काढलेले आहे.

केंद्र सरकारच्या २०२० च्या वीज ग्राहक हक्क नियमांप्रमाणे एका आर्थिक वर्षात दोनपेक्षा जास्त अंदाजी बिले काढू नयेत अशी अपेक्षा आहे. तेव्हा लागोपाठ अंदाजी बिले येऊ लागली की मोठा आकडा येण्याची वाट न पाहता तेव्हाच अर्ज द्यावा. आज येणारे लहान अंदाजी बिल हेच उद्याच्या मोठ्या बिलाचे बीज असते.

साचलेल्या युनिटांचा हिशेब

घरगुती विजेचा दर टप्प्यांनी चढतो. पहिल्या १०० युनिटांचा दर कमी, १०१ ते ३०० चा त्याहून जास्त, ३०१ ते ५०० चा आणखी जास्त. आता समजा, तीन महिने रीडिंग झाले नाही आणि चौथ्या खेपेला एकदम ४८० युनिट निघाले. ते एकाच महिन्याचे धरले तर १०० युनिट पहिल्या टप्प्यात, २०० दुसऱ्यात आणि १८० तिसऱ्या महाग टप्प्यात जातील. पण प्रत्यक्षात हा वापर महिन्याला १२० युनिटांचा आहे. चार महिन्यांत विभागला तर ४०० युनिट पहिल्या टप्प्यात बसतात, केवळ ८० दुसऱ्यात जातात आणि तिसऱ्या टप्प्याचा प्रश्नच येत नाही. युनिट तेवढेच, रक्कम मात्र बरीच वेगळी. त्यावर वीज शुल्कही टक्केवारीने लागत असल्याने फरक आणखी वाढतो.

म्हणून साचलेले बिल आले की दोन प्रश्न विचारावेत : युनिट किती महिन्यांत विभागले? आणि मधल्या काळात भरलेल्या अंदाजी बिलांची वजावट दिली का? मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदीमुळे रीडिंग थांबले होते. त्यानंतर जून २०२० मध्ये राज्यभर घरोघरी फुगलेली बिले आली, तेव्हाही वाद मुख्यतः याच दोन प्रश्नांचा होता. त्या वेळी नियामक आयोगाने मोठी बिले हप्त्यांनी भरण्याची सवलतही द्यायला लावली. हप्ते मागण्यात कमीपणा नाही. पण आधी रक्कम बरोबर आहे का ते पाहावे आणि मगच हप्त्यांचे बोलावे.

मीटरची घरगुती परीक्षा

रीडिंग बरोबर आहे, पण मीटरच जोरात पळतो अशी शंका असेल तर एक साधी परीक्षा करता येते. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटाला तो किती वेळा लुकलुकतो ते मीटरवरच छापलेले असते. समजा, तेथे ३२०० लिहिले आहे. घरातील सर्व उपकरणे बंद करून केवळ एक हजार वॅटचा पाणी तापवण्याचा रॉड पाण्यात लावावा आणि घड्याळ लावून तीन मिनिटे मोजावे. लुकलुक सुमारे १६० व्हायला हवी. विजेचा दाब कमी-जास्त असतो, त्यामुळे थोडा फरक पडेल; पण आकडा २५० च्या घरात गेला तर शंकेला आधार आहे असे समजावे. ही परीक्षा इस्त्रीवर करू नये, कारण ती तापली की आपोआप बंद होत राहते.

दुसरी परीक्षा याहून सोपी आहे. घरातील मेन स्विच बंद करावा. तरीही मीटरचा दिवा लुकलुकत राहिला, तर मीटर आणि मेन स्विच यांच्या दरम्यान कोणीतरी तार जोडली आहे, किंवा वायरिंगमध्ये वा मीटरमध्ये दोष आहे. मेन स्विच बंद केल्यावर दिवा थांबला, पण एखादी खोली बंद असतानाही तो चालूच राहतो असे दिसले, तर दोष घरातील वायरिंगचा असू शकतो. त्यासाठी परवानाधारक वायरमनला बोलवावे. मीटरला मात्र स्वतः हात लावू नये. सील तुटलेले आढळले तर तक्रारदाराचाच आरोपी होतो.

घरगुती परीक्षा हा पुरावा नव्हे, ती केवळ खूण आहे. पुरावा म्हणजे कंपनीकडून मीटर तपासणीचा अहवाल. ठरलेली फी भरून लेखी अर्ज द्यावा आणि तपासणी आपल्यासमोर व्हावी असे अर्जात नमूद करावे. रीडिंग प्रत्यक्ष वापराशी जुळत नाही अशी तक्रार असल्यास कंपनीने पाच दिवसांत आणखी एक मीटर जोडून किमान तीन महिने वापर पडताळून पाहावा, अशी तरतूद २०२४ मध्ये केंद्राच्या नियमांत आली आहे. अर्जात तिचा उल्लेख जरूर करावा. मीटर जुना असो की नवा स्मार्ट, हा हक्क दोन्हींना आहे.

महाराष्ट्राच्या वीजपुरवठा संहितेप्रमाणे मीटर सदोष निघाला तर बिलाची दुरुस्ती वाद निर्माण झालेल्या महिन्याआधीच्या जास्तीत जास्त तीन महिन्यांपुरतीच होते. मीटर बंद पडला असेल तर आधीच्या बारा महिन्यांच्या सरासरीवर, तीही कमाल तीन महिन्यांपुरती आकारणी करता येते. हा नियम दोन्ही बाजूंना लागू आहे. ‘मीटर दोन वर्षे बंद होता’ म्हणून दोन वर्षांची सरासरी मागितली तर हा नियम दाखवावा. आणि मीटर जोरात पळत असेल तर आपणही उशीर करू नये, कारण आपल्यालाही तीन महिन्यांच्या मागचे मिळणे कठीण आहे.

लाइन कापण्यापासून बचाव : कलम ५६

आता खिडकीवरच्या त्या उत्तराकडे वळू. वीज कायदा, २००३ च्या कलम ५६ प्रमाणे बिल थकले म्हणून लाइन कापण्यापूर्वी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस देणे कंपनीवर बंधनकारक आहे. याच कलमात पुढे म्हटले आहे की, बिलाबाबत वाद असेल आणि ग्राहकाने हरकत कायम ठेवून, म्हणजे ज्याला आपण ‘अंडर प्रोटेस्ट’ म्हणतो तसे, पैसे भरले तर वादाचा निकाल लागेपर्यंत लाइन कापता येत नाही. किती भरायचे? मागितलेली पूर्ण रक्कम, किंवा गेल्या सहा महिन्यांत भरलेल्या बिलांच्या सरासरीने दरमहा होणारी रक्कम. या दोन्हींपैकी जी कमी असेल ती.

वरच्या उदाहरणात सहा महिन्यांची सरासरी १,१५० रुपये निघाली असे समजू. वाद एका महिन्याचा असेल तर १४,६०० नव्हे, १,१५० रुपये भरून लाइन वाचवता येते. वाद चार महिन्यांच्या बिलाचा असेल तर ४,६०० रुपये. त्यापुढची चालू बिले मात्र वेळेवर भरत राहिले पाहिजे. पैसे भरताना अर्जावर आणि शक्य तर पावतीवरही ‘हरकत कायम ठेवून’ हे शब्द हवेत. ते नसतील तर उद्या ‘तुम्ही बिल मान्य करूनच भरले’ असे म्हटले जाईल. खिडकीवर अपुरी रक्कम घेत नसतील तर उपविभागाच्या अधिकाऱ्याच्या नावे अर्ज देऊन पोच घ्यावी.

एक गोष्ट ध्यानात असू द्या. ही सूट नव्हे, स्थगिती आहे. निकाल विरुद्ध गेला तर उरलेली रक्कम व्याजासह भरावी लागते. म्हणून हिशेब प्रामाणिकपणे करूनच वाद घालावा.

वर्षानुवर्षांची जुनी मागणी

कधी कधी पाच-सात वर्षांपूर्वीची रक्कम अचानक बिलात उगवते. कलम ५६ (२) प्रमाणे देय झाल्यापासून दोन वर्षे उलटलेली रक्कम वसूल करता येत नाही; मात्र ती दर बिलात थकबाकी म्हणून सतत दाखवली गेली असेल तर हे संरक्षण नाही. त्यामुळे जुनी बिले फेकू नयेत. मधल्या बिलांत ती रक्कम दाखवलेली नव्हती हे सिद्ध करणारी तीच तुमची कागदपत्रे आहेत.

आकारणीतच चूक होऊन रक्कम राहून गेली असेल तर गोष्ट थोडी वेगळी आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या मोठ्या खंडपीठाने मार्च २०१९ मध्ये असे ठरवले की, कंपनीला पहिल्या मागणीच्या तारखेपासून मागे दोन वर्षांपेक्षा जास्त काळाची आकारणी मागता येत नाही. पुढे २०२० मध्ये अजमेरच्या वीज कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, चूक उशिरा सापडली तर कंपनी बिल काढू शकते, पण त्यासाठी लाइन कापू शकत नाही. २०२१ मध्ये हरियाणातील एका गिरणीच्या प्रकरणात तर कंपनीच्याच चुकीने राहिलेली रक्कमही मागता येते, असा निकाल लागला. थोडक्यात, दोन वर्षांचा मुद्दा मंचासमोर अवश्य मांडावा. पण त्या एकाच मुद्द्यावर विसंबून राहू नये. मीटर, महिने आणि युनिट यांचा हिशेबही जोडीला द्यावा.

घरातच काम करणाऱ्यांसाठी

आपल्या वस्त्यांत घर आणि कारखाना यांच्यात बहुधा भिंत नसते. पुढच्या खोलीत जरीचा अड्डा, माळ्यावर शिलाई मशीन, दारात चपलांचे काम. अशा घरात तपासणी पथक आले की ‘घरगुती मीटरवर धंदा’ असा शेरा पडतो आणि व्यापारी दराचा फरक किंवा दंडाची मागणी येते.

येथे एक तरतूद पुष्कळांना ठाऊक नसते. महावितरणसाठी आयोगाने २०२० आणि २०२३ मध्ये दिलेल्या दर-आदेशांत असे म्हटले आहे की, राहत्या घराच्या एका भागात व्यवसाय करणाऱ्या ग्राहकाचा एकूण वापर महिन्याला ३०० युनिटांपर्यंत आणि मागील आर्थिक वर्षात ३,६०० युनिटांपर्यंत असेल, तर त्याला घरगुती दरच लागू राहतो. वापर वर्षाला ३,६०० च्या वर गेला तर दर बदलतो, पण तोही आधी कळवून आणि पुढील काळासाठी. दर-आदेश काही वर्षांनी नवा निघतो आणि मुंबईतील प्रत्येक कंपनीचा आदेश वेगळा असतो. म्हणून आपल्या भागातील चालू आदेशात हा मजकूर पाहूनच अर्ज लिहावा. वेगळा गाळा किंवा दुकान असेल तर ही सवलत नाही. आणि काम वाढून वापर ३०० च्या वर जाऊ लागला, तर स्वतःहून वेगळा मीटर घेणे हाच शहाणपणाचा व्यवहार आहे.

कलम १२६ चा कागद आला तर

साधे बिल आणि कलम १२६ खालची आकारणी यांतील फरक न ओळखल्याने लोकांचे सर्वात जास्त नुकसान होते. ‘अनधिकृत वापर’ असा आरोप ठेवून जो कागद येतो, त्यावर ‘तात्पुरती आकारणी’ आणि ‘कलम १२६’ असे लिहिलेले असते. यात दुप्पट दराने आकारणी होते. वापर कधीपासून सुरू होता ते समजत नसेल तर तपासणीच्या आधीच्या बारा महिन्यांपर्यंतची रक्कम लावता येते. असा कागद मिळताच त्याच अधिकाऱ्याकडे लेखी हरकत द्यावी आणि सुनावणी मागावी. अधिकाऱ्याने अंतिम आदेश तात्पुरता आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत द्यायचा असतो, म्हणून आपण आठवडाभरात हरकत दाखल केलेली बरी. घरकामाची वर सांगितलेली तरतूद लागू होत असेल तर ती येथेच, वर्षभराच्या बिलांसह मांडावी. अंतिम आदेश विरुद्ध गेला तर कलम १२७ प्रमाणे तीस दिवसांत अपील करता येते. त्यासाठी आकारलेल्या रकमेपैकी निम्मी भरावी लागते.

अशी प्रकरणे तक्रार निवारण मंच ऐकत नाही. ग्राहक न्यायालयातही ती चालत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये उत्तर प्रदेशातील एका प्रकरणात स्पष्ट केले आहे. चुकीच्या दारावर दोन महिने बसून राहिले तर बरोबर दाराची मुदत निघून जाते.

दाद कोठे मागावी

साध्या बिलाच्या वादात पायऱ्या अशा आहेत. पहिली, स्थानिक कार्यालयात लेखी तक्रार. दुसरी, ग्राहक तक्रार निवारण मंच. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत येथे अर्ज करावा लागतो. लाइन कापण्याची भीती असेल तर मंचाकडे तात्पुरता आदेशही मागावा. तिसरी, विद्युत लोकपाल. त्यांची कार्यालये मुंबई आणि नागपूर येथे आहेत. मंचाच्या आदेशापासून साठ दिवसांत तेथे जाता येते. घरगुती ग्राहकाला साध्या बिलाच्या प्रश्नावर ग्राहक आयोगाचे दारही उघडे आहे.

भिवंडीत २००७ पासून आणि मालेगाव, मुंब्रा येथे २०२० पासून खाजगी फ्रँचायझी कंपन्या बिले काढतात. तेथे अनेकांना वाटते की आता दाद मागायला जागाच उरली नाही. तसे नाही. परवाना महावितरणचाच आहे, आणि कायदा, संहिता, मंच हे सर्व तेथेही लागू आहे.

अर्जाचा नमुना असा ठेवावा :

“प्रति, उपकार्यकारी अभियंता, … उपविभाग. विषय : ग्राहक क्रमांक …, … महिन्याच्या बिलाबाबत हरकत. महोदय, माझे मागील सहा महिन्यांचे सरासरी बिल … रुपये असून या महिन्यात … रुपयांचे बिल आले आहे. बिलातील रीडिंग … आहे, तर दि. … रोजी मीटरवर … हा आकडा होता (फोटो सोबत). तरी मीटरची माझ्यासमोर तपासणी करावी, युनिट प्रत्यक्ष महिन्यांत विभागून बिल दुरुस्त करावे. वीज कायदा, २००३ च्या कलम ५६ प्रमाणे … रुपये मी हरकत कायम ठेवून भरत आहे. निकाल लागेपर्यंत पुरवठा खंडित करू नये, ही विनंती.”

अर्जाच्या दोन प्रती कराव्यात. एक द्यावी, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घ्यावी. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवावा. तोंडी तक्रार, फोनवरचे बोलणे, ओळखीच्या माणसाने दिलेला शब्द यांतले काहीही मंचासमोर टिकत नाही. शिक्क्याचा कागद टिकतो.

शेवटी एक सूचना. दर महिन्याच्या एक तारखेला मीटरचा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवण्याची सवय घरातील मुलांना लावावी. दुकानदार जसा उधारीची वही ठेवतो, तशीच ही विजेची वही. वादाच्या दिवशी बारा महिन्यांचे हे बारा आकडे समोर असले, की “आधी बिल भरा, मग बघू” म्हणणाऱ्यालाही आधी हिशेब बघावा लागतो.